सतरा नंबरची तबकडी

३१ ऑगस्ट, गुरुवार

पोचलो एकदाचा. सामानही पोचलं, जवळजवळ शाबूत. टेम्पोवाल्याने एकच खोकं आपटलं, आणि तेही मी वर ठसठशीत अक्षरांत ‘भांडी’ लिहिलं होतं म्हणून. आत माझ्या गाण्यांच्या साठ तबकड्या होत्या. खरं लिहिलं तर कोणी उघडून बघेल, म्हणून केलेली ही हुशारी. तीन फुटल्या. टेम्पोवाला ओशाळून म्हणाला, ताटं असती तर वाचली असती की हो. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

जागा झकास आहे. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. इस्त्रीची ऊब जमिनीतून वर येते, मोजे घालायची गरज नाही. मागच्या अंगणात दिवसभर चादरी वाळत असतात. गाणं ऐकायची खोली मी आधी लावली, स्वयंपाकघर उद्या बघू. टेबल, प्लेअर, दोन स्पीकर, एक आरामखुर्ची. दुसरी खुर्ची आणली नाही.

ही वही लेकीने दिली. रोज चार ओळी लिहायच्या, अशी तिची अट. तिचं म्हणणं, आई गेल्यापासून बाबा फोनवर नुसतं ‘हं’ म्हणतात, ते ‘हं’ तरी कागदावर उतरू दे. बायको जानेवारीत गेली. आठ महिने झाले आणि मी अजून रडलेलो नाही. दाबून ठेवलंय असं नाही, आलंच नाही. पाय खूप वेळ दुमडून बसलं की आधी मुंग्या येतात आणि मग आपला पाय आपला वाटेनासा होतो, तसं आहे. बदली मागून घेतली. नव्या गावात कोणी तोंड पाडून चौकशी करणार नाही, एवढाच हिशेब.

साडेसातला लेकीचा फोन आला. रोज येतो, तिच्या कॉलेजच्या गावाहून. आज मी ‘हं’च्या जागी ‘झकास’ म्हणालो. ती खूश.

१ सप्टेंबर, शुक्रवार

कामावर रुजू झालो. पाणीखात्यात माझं काम गळती ऐकण्याचं. लोखंडी दांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची चकती कानाला लावायची. चार फूट खाली नळ गळत असेल तर बारीक सूं ऐकू येतं. पहाटे पाचला सुरुवात, दुपारी एकला सुट्टी.

मुकादमाने परीक्षा घेतली. एका कोपऱ्यावर त्यांनी दोनदा खणलं होतं आणि दोन्ही वेळा कोरडी माती निघाली होती. मी पाच मिनिटं ऐकलं आणि डावीकडे चार पावलं म्हणालो. खणलं, पाणी लागलं. मुकादम म्हणाला, साहेब, तुमच्यासमोर पोटात गुडगुडायचीही चोरी. चहा पाजला.

परतताना घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद दिसला: ‘जाझ. अनोळखी तबकड्या. रविवारी चार वाजता. फक्त कान आणा.’ मी तिथेच उभा राहून तीनदा वाचलं.

३ सप्टेंबर, रविवार

गेलो होतो. मंडळ म्हणजे इनमीन तीन माणसं. घड्याळवाले यजमान, सत्तरीचे, बोलणं अगदी हळू. दुसऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई; गाणं ऐकताना त्या आपल्यालाच तपासतायत असं वाटतं. तिसरे बिनचूक. हे त्यांचं मंडळातलं नाव, कारण त्यांचा अंदाज निम्म्या वेळा साफ चुकतो आणि ते कधीच मान्य करत नाहीत. दुकानामागच्या खोलीत बसतो. बैठकीपुरते सगळ्या घड्याळांचे लंबक घड्याळवाले हाताने थांबवतात. मला बसायला दिलेली खुर्ची आधी फोटोवाल्यांची होती. ते हल्ली येत नाहीत. का, ते कोणी सांगितलं नाही.

पद्धत अशी. घड्याळवाल्यांकडे पांढऱ्या कोऱ्या पाकिटांतल्या तबकड्या आहेत. कोणी वाजवलं, कुठे वाजवलं, काही लिहिलेलं नाही. एक लावायची. वाजत असताना अवाक्षर काढायचं नाही. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर अंदाज लिहायचा, चिठ्ठ्या वाचायच्या, भांडायचं. सगळ्यांना पटलं तर घड्याळवाले टाकाने पाकिटावर नाव लिहितात. शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, हा एक नियम. दुसरा नियम: नावं फक्त वाजवणाऱ्यांची द्यायची. ऐकायला बसलेल्यांची नाही. हा दुसरा मला विनोद वाटला. मी हसलो. ते तिघं नाही.

शेवटी सतरा नंबरची तबकडी लागली. एकोणीस वर्षं मंडळात आहे आणि अजून कोणाला छडा लागलेला नाही. छोट्या हॉलमधलं जिवंत वादन. पियानो, डबल बास, ड्रम. सात मिनिटांची संथ चीज. पियानोवाला दर वेळी ठेक्याच्या किंचित मागून येतो. मंडळाने त्याचं नाव लेटलतीफ ठेवलंय. बास जाड, उबदार. ड्रमवाला काठ्या न वापरता तारांचे ब्रश फिरवतो, आणि फार सुरेख फिरवतो. फक्त चौथ्या मिनिटाला त्याचा एक फटकारा ठेका सोडून पडतो, जरा घाईने, जरा रागावल्यासारखा. मी चिठ्ठीत तेच लिहिलं. एवढ्या जपून वाजवणारा माणूस तिथेच का चुकावा?

बिनचूक म्हणाले, एकोणीस वर्षं ऐकतोय, हा फटकारा कधी लक्षात आला नव्हता. पुन्हा लावली. फटकारा होता. घड्याळवाले म्हणाले, नवा कान आला की असंच होतं.

पाकिटावर एकच ओळ होती: ‘दुसरं टेबल, हसणारे: फोटोवाले.’ मंडळातली जुनी चेष्टा असणार.

१० सप्टेंबर, रविवार

नीट लिहायला हवं.

आज सतरा नंबर पुन्हा लावली, मीच मागितली. मला तो फटकारा ऐकायचा होता. जिवंत वादनात मी वाजवणाऱ्यांइतकाच हॉलही ऐकतो, धंद्याची सवय. पेले कुठे ठेवलेत, पंखा कुठल्या कोपऱ्यात, कोण खुर्ची सरकवतंय. चौथ्या मिनिटाला, फटकाऱ्याच्या अगदी आधी, डावीकडे, समोरून चौथ्या टेबलाशी कोणीतरी खोकलं. पूर्ण नाही. खोकला घशात धरला, दाबला, तो मानेना, मग दोन छोटे ठसके रुमालात.

ती माझी बायको.

पंचवीस वर्षं मी तबकडी लावली की ती शेजारच्या खुर्चीवर विणत बसायची. जाझमधलं तिला काही कळायचं नाही, पण अंदाज मात्र ठोकून द्यायची, आणि कधी कधी बरोबर यायचा, मग दिवसभर चिडवायची. शेवटच्या वर्षी खोकला लागला. गाण्यात ठसका आला की मी तिच्याकडे न बघता बोट वर करून तिला गप्प करायचो. म्हणून ती धरायला शिकली. असा. घशात धरायचा, मग दोन छोटे, रुमालात. चार फूट मातीखालचं पाणी ऐकणारा मी, त्या खोकल्यात काय आहे ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने आधी यायला हवं होतं.

चिठ्ठीवर मी आज काही लिहिलं नाही. घरी येऊन टोस्ट भाजले, खाल्ले. चव लागली नाही, पण ती तशी आठ महिने लागलेली नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस स्वतःला समजावतोय. ठसके सगळ्यांनाच येतात. आज पाच ठिकाणी दांडी लावली, तीन गळत्या सापडल्या. कान ठीक आहेत. म्हणजे तो ठसका तिचाच.

लेकीला फोनवर सांगितलं नाही. तिने विचारलं, नवे मित्र कसे आहेत. मी म्हणालो, दात, घड्याळ आणि बिनचूक. ती खूप हसली. हसताना तिची बोटं मोडण्याची सवय फोनवरही ऐकू येते. नऊ बोटं वाजतात. डावा अंगठा लहानपणी दारात सापडला होता, तो वाजत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

आज चिठ्ठीवर लिहिलं. ‘चौथं टेबल, डावी खुर्ची, खोकणारी: माझी बायको.’

कोणी हसलं नाही. नियम मोडला म्हणून ओरडलंही नाही. बिनचूक खिडकीशी जाऊन उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून विचारलं, नक्की गेल्या आहेत ना त्या? मी हो म्हणालो. घड्याळवाल्यांनी पुन्हा तेच विचारलं. तुम्ही स्वतः पाहिलंत ना, सगळं झालेलं? मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तारीख सांगितली, वेळ सांगितली. मग ते म्हणाले, मग काही बिघडत नाही, आणि टाक शाईत बुडवून त्यांनी माझी ओळ पाकिटावर उतरवली. अक्षर सुंदर आहे त्यांचं.

तबकडी आठवडाभर घरी न्यायला दिली. तुमच्या घरचं माणूस आहे त्यात, म्हणाले. आता मात्र फक्त वाजवणाऱ्यांची नावं, दुसऱ्या कोणाची नाही, हेही दोनदा बजावलं. मी मान हलवली. लक्ष पाकिटाकडे होतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

ती बोलते.

कामावरून आलो, हातपायही न धुता सुई ठेवली. खोकला आता स्वच्छ ऐकू येतो, काच पुसल्यावर दिसतं तसा. आणि त्यानंतर, पियानोच्या मागे, ती कोणाला तरी सांगते की ही खुर्ची रिकामी नाही, आमचे हे येतायत.

आमचे हे. ती शेजारणींशी बोलताना माझ्याबद्दल असंच म्हणायची. अकरा वेळा ऐकलं. छातीत काहीतरी हललं. दुखलं म्हणता येणार नाही, पण मुंग्या आल्या.

२० सप्टेंबर, बुधवार

हॉलचा नकाशा काढला, गळतीचा काढतो तसाच, मापाने. समोर मंच. उजवीकडे पेल्यांचा ओटा. चार ओळींत टेबलं. दुसऱ्या टेबलाशी एक माणूस वारंवार हसतो, ते हसणं गमतीचं वाटत नाही. मागे आणखी माणसं आहेत, बरीच, पण ती अस्पष्ट आहेत. चौथ्या टेबलाशी बायको, तिच्या उजवीकडे एक रिकामी खुर्ची. आज तिने ती स्वतःकडे ओढून घेतली, लाकूड घासल्याचा आवाज आला. म्हणजे दर वेळी तेच वाजत नाही.

मला याची भीती वाटायला हवी, हे कळतं. दार तेवढं नकाशात राहिलंय. मागे कुठेतरी असेल.

२३ सप्टेंबर, शनिवार

लेक आलीय, दोन दिवसांसाठी. न सांगता. येताच तिने फ्रिज उघडला, बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. बाजारात जाऊन भाज्या, अंडी, फळं घेऊन आली. बाबा, तुम्ही वाळलात, म्हणाली. मी म्हणालो, लाँड्रीवर राहतोय, वाळणारच. हसली नाही.

संध्याकाळी तिला आरामखुर्चीत बसवून तबकडी लावली. काही सांगितलं नाही. आईचा खोकला ती ओळखेलच, अशी माझी खात्री. चौथं मिनिट आलं, गेलं. तिचा चेहरा तसाच. ऐकता ऐकता ती बोटं मोडत बसली होती. मग मध्येच काहीतरी विचारू लागली, तर मी बोट वर करून तिला गप्प केलं. तिच्या आईला करायचो तसंच. ती गप्प झाली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मला सुई उचलावी लागली.

तिला फक्त पियानो ऐकू आला. आणि खरखर. मी आईचं सांगितलं. मग ती रडली, माझ्या वाटचंही. बाबा, चला माझ्याबरोबर, आपण कोणाला तरी दाखवू, असं तीनतीनदा म्हणाली. उद्या सकाळच्या बसने जाईल. दर रविवारी येणार म्हणाली. मला एवढं एकच माणूस उरलंय, हे मी तिला बोलून दाखवायला हवं होतं. इथे लिहितोय.

२५ सप्टेंबर, सोमवार

काल बैठकीला गेलो नाही, तबकडी इथेच ठेवून घेतली. आज एक नवीन गोष्ट सापडली! चौथ्या टेबलाशी, बायकोच्या डाव्या हाताला. कट, कट, कट. बोटं. मोजली. नऊ.

दोघी एका टेबलाशी. मी खोलीत येरझारा घातल्या. आठ महिन्यांत प्रथमच मला आनंद झाला, असं मी स्पष्ट लिहून ठेवतो. आवाज मात्र पुसट होता, बायकोचा आधी होता तसा. नाव लिहिल्यावर तो स्वच्छ होतो, हे अनुभवाने माहीत. टाक नव्हता, शाईचं पेन होतं. रविवारपर्यंत कोण थांबणार? बायकोच्या ओळीखाली लिहिलं. ‘चौथं टेबल, बोटं मोडणारी: आमची लेक.’

ओळख शंभर टक्के बरोबर आहे. बिनचूकसुद्धा नाही म्हणू शकणार नाहीत.

साडेसातचा फोन आला नाही. परवाचं रागावली असेल.

२६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी फोन केला. दुपारी केला. घंटा वाजते, कोणी उचलत नाही.

संध्याकाळी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने उचलला. ती घाबरली होती. काल संध्याकाळी दोघी चहा घेत होत्या, म्हणाली. ही कप हातात घेऊन बोलत होती. मैत्रीण साखर आणायला उठली, वळली, तर खुर्ची रिकामी. कप टेबलावर, चहा गरम. चपला दाराशी, किल्ल्या खिळ्याला, दाराला आतून कडी. पोलीस आले, कडी बघत बसले.

किती वाजता, मी विचारलं. सव्वासहा.

मी सहा वाजता पेनात शाई भरली होती.

२७ सप्टेंबर, बुधवार

कामावर गेलो नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. पेशंटला खुर्चीत तसंच ठेवून त्या बाहेर आल्या, माझ्या हातातलं पाकीट वाचलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. कोणाचे आवाज त्या तबकडीत उतरतात, का उतरतात, ते त्यांना कळलेलं नाही. नुसता आवाज असतो तोवर काही होत नाही. बाईंना त्यात त्यांचे वडील ऐकू येतात; नाव त्यांनी कधी दिलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी बिनचूक यांना फोटोवाल्यांचं हसणं ऐकू आलं. फोटोवाले त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसलेले होते. सगळ्यांना गंमत वाटली. ओळख बरोबर होती, म्हणून पद्धतीप्रमाणे शाईने लिहिली. शाई वाळेपर्यंत खुर्ची रिकामी होती. मेलेल्या माणसाचं नाव दिलं तर काही बिघडत नाही, तो इथून आधीच गेलेला असतो. जिवंत माणूस मात्र नाव दिलं की तबकडीत जातो.

मग मला सांगितलं का नाही? बाई म्हणाल्या, काय सांगणार होतो? नियम सांगितला होता ना हो. तबकडी जाळून का टाकली नाही? त्या म्हणाल्या, आणि आतल्यांचं काय करायचं?

खरं आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

शाई ब्लेडने खरवडली. पाकिटाला भोक पडलं. ओळ खालच्या पुठ्ठ्यावर उतरली आहे. पाण्याने पुसली. वाळल्यावर परत दिसते.

लेक बोलते. आवाज एकदम स्वच्छ. ती विचारते, आई, आपण कुठे आहोत. मग पियानो. मग पुन्हा तेच.

मी सुई उचलत नाही. उचलली की तिकडे काय होतं, कोणास ठाऊक.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

बायको माझ्याशी बोलली. कोणा शेजारणीशी नाही. माझ्याशी.

तिला कशाला पाठवलंत, म्हणाली. खुर्ची तुमच्यासाठी धरली होती.

मी रडलो. आठ महिने कुठे होतं ते सगळं— खाली इस्त्री थांबली, लाँड्रीवाल्या बाई वर येऊन विचारून गेल्या. काही नाही म्हणालो.

पायातली बधिरी गेली की पाय टेकवत नाही. तसंच.

३० सप्टेंबर, शनिवार

माझं नाव लिहिलं. शाई फिकट झाली, निघून गेली. दोनदा. तीनदा.

समजलं. आधी ओळखावं लागतं. आवाज असावा लागतो. मंडळाची पद्धत— आवाज नाही तर नाव नाही. आणि माझा आवाज त्यात नाही. मी ऐकताना आवाज करतच नाही. पंचवीस वर्षं. अभिमान होता मला त्याचा.

खोकून बघितलं. टेबल वाजवलं, ओरडलो. सुई पुन्हा लावली. काही उतरलं नाही. पियानो, बास, ब्रश. खोकला. नऊ बोटं. फोटोवाले हसतायत— ते हसणं नाही. आता नीट ऐकू येतं. ते हसणं नाहीच.

लेक आता आईला विचारत नाही. नुसती बोटं मोडते. सारखी.

१ ऑक्टोबर, रविवार

चार वाजले. खाली घड्याळवाले आणि बाई आलेत. जिन्याचं दार वाजवतायत. तबकडी परत द्या म्हणतायत. नंतर.

चौथं मिनिट. तीस वेळा ऐकलं आज. खोकला. घशात धरलेला. दोन ठसके. आणि मग लगेच—

तो फटकारा. ठेका सोडून. जरा घाईने, जरा रागावून.

ड्रमवाला चुकत नाही. तो कधीच चुकला नव्हता. ब्रश त्या वेळी उजवीकडे आहे, मंचावर. आणि हा आवाज डावीकडून येतो, चौथ्या टेबलाशी, रिकाम्या खुर्चीतून. तोंडाने केलेला. श्श्.

मी तिला गप्प करतोय. बोटाबरोबर तोंडही वाजायचं, मला कधी ऐकूच आलं नाही.

पहिल्या दिवसापासून होता. चिठ्ठीवर मीच लिहिला होता. ब्रशची चूक म्हणून—

लिहिलं. ‘चौथं टेबल, उजवी खुर्ची, गप्प करणारा: मी.’ शाई राहिली. ओली आहे अजून. फिकट होत नाहीये.

खालचं दार जोरात वाजतंय. वाजू दे.

आधी लेकीचा हात धरायचा. बायको येणार नाही, तिला येता यायचं नाही, तिला फक्त सांगायचं की खोक गं, मोठ्याने खोक. मग लेकीला घेऊन टेबलांच्या मधून मागे— नकाशा खिशात घेतला. मंच समोर, ओटा उजवीकडे, आपण डावीकडून, भिंतीच्या कडेने, बारा पावलं, मग दार—

दार काढलेलं नाही.

इतक्या वेळा ऐकलं. पंखा ऐकला, पेले, खुर्च्या, बोटं. कोणी आत आल्याचा, कोणी बाहेर गेल्याचा— बिजागरी, कडी, काहीच— एकदाही तिथे दाराचा आवाज